पाटीतला प्रसेनजित

"आत्या, अंगठा ओला करा जराक. पाटी तुमाले वयखूनच नाही राह्यली."

भागिरथाने तांब्यात अंगठा बुडवला, पांढऱ्या लुगड्याला पुसला आणि पुन्हा काचेवर टेकवला. जन्मभर निंदण-खुरपण केलेला अंगठा तो, भेगांनी वाळक्या सालीसारखा झालेला. पुन्हा एकदा दाबल्यावर कुठे टॅब टिंगकन वाजला आणि रूपाच्या फोनमधले फोटो त्यात येऊन बसू लागले. फोटोंचा प्रत्येक गठ्ठा आला की टॅब विचारी, घ्यायचे का? आणि कुणीतरी दाबून हो म्हणावं लागे.

"मी दाबू का?" रूपाने विचारलं.

"नको. माह्या लेकराले म्याच घेतो घरात."

रूपाने हात मागे घेतला. तिच्या अंगावर सकाळच्या लग्नाचीच पांढरी साडी होती. बाहेर अंगणात मांडवाखाली नवरदेवाकडची मालेगावची माणसं जेवून टेकली होती. रिठदच्या विहारात सकाळी वंदना झाली, रूपाने अनुपला हार घातला आणि लग्न लागलं. आता ऊन उतरलं की जीप निघणार होती. रूपा जाणार, आणि तिच्यासोबत तिची चार वर्षांची पल्लवीही.

रूपा भागिरथाची सून, सासूला आत्या म्हणणारी. भागिरथाचा एकुलता एक मुलगा प्रसेनजित दोन पावसाळ्यांमागे वाशीमहून परतताना मोटारसायकलवरून पडला, तो उठलाच नाही. रूपाला माहेर नावापुरतं उरलेलं. म्हणून तिच्यासाठी स्थळ पाहिलं ते सासूनेच, आणि विहारात तिच्या मागे आई म्हणून उभी राहिली तीही सासूच. हा टॅब प्रसेनजितनेच आणला होता. "माय, तुह्या मोतीबिंदूच्या डोयाले फोनात दिसत नाही. याच्यात सारं मोठं दिसते," असं म्हणाला होता. भागिरथा त्याला पाटी म्हणायची. तो गेल्यावर पाटी पेटीत गेली, ती आज बाहेर निघाली.

निघाली ती एका शब्दापायी. अनुपची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. बोलणी करायला आली तेव्हा त्याची आई लिलाबाई म्हणाली होती, "आमी आमच्या सुनेचा फोटो भितीवरून उतरवला, बाई. तुमच्याकडूनबी मागलं काही येऊ नये. दोघाईले कोऱ्या मनानं बसू द्या." भागिरथाला ते पटलं होतं. "एकबी फोटो येनार नाही," ती म्हणाली होती.

आणि भागिरथा म्हणाली म्हणजे झालं. गावात संध्याकाळी विहारात वंदना तीच सांगायची. ती पुढे म्हणे, बाकीचे मागून म्हणत. पंचशील तिने सून म्हणून या गावात आली तेव्हापासून एक दिवस चुकवलं नव्हतं. पौर्णिमेला एक वेळ जेवायची. तिच्या खरं बोलण्याची गावाने थट्टा मांडली होती. "भागिरथाले इचारू नका वं भाजी कशी झाली, ते सांगून देईन!" असं बाया म्हणत. सोयरीक जुळवताना तिने स्वतःहून लिलाबाईला सांगितलं होतं की पोरगी झोपेत दचकते, आणि रूपाला राग आला की ती दोन-दोन दिवस बोलत नाही. लिलाबाई त्यावर हसली होती. "बाप्पा! पोरीवाल्यानं एवढं खरं सांगतलेलं म्या पह्यल्यांदाच आयकलं."

"हा पाहा," रूपाने फोन पुढे केला.

भागिरथाने डोळे बारीक केले. प्रसेनजित बाजेवर आडवा, तोंड उघडं.

"असाच झोपे मेला. माशी जाईन म्हनून म्या रुमाल टाको त्याच्या तोंडावर."

"आन मंग ते रुमालासकट घोराचे."

दोघी हसल्या. आवाज बाहेर जाईल म्हणून रूपाने तोंडाला पदर लावला, आणि पदर तिथेच राहिला. भागिरथाने तिच्याकडे पाहिलं नाही. अंगठा ओला केला आणि पाटीला हो म्हटलं.

विहिरीवरचा प्रसेनजित आला. हेल्मेट घालून आरशात पाहणारा आला. पल्लवीला पहिल्यांदा हातात घेताना घाबरलेला आला.

"अवं, झालं का?" दारातून देवमनचा आवाज आला. भागिरथाचा नवरा आत पाहत नव्हता, चौकटीकडे पाहत होता. "जीपवाला घाई करून राह्यला."

"करू द्या त्याले घाई. आमाले नाही."

देवमन गेला. शेवटचे फोटो आले तसा टॅब गप्प झाला. आता उरलं ते फोनमधले पुसणं. रूपाने सगळ्या फोटोंवर खुणा केल्या, पण बोट खाली येईना.

"तुमीच करा, आत्या."

"मले कुठं येते?"

"हे डब्बीचं चित्र. दाबलं का झालं."

भागिरथाने फोन हातात घेतला. फोन तिच्या अंगठ्याला पाटीसारखा अडला नाही, पहिल्या खेपेलाच मानला. पाहता पाहता पडदा रिकामा झाला, आणि एकच फोटो मागे राहिला. रूपाकडून त्याच्यावर खूण करायची राहिली होती, की केली नव्हती, ते भागिरथाने विचारलं नाही.

फोटोत अंगण होतं. पल्लवी पहिलं पाऊल टाकत होती, फ्रॉक वर गेलेला, तोंडात लाळ. तिच्या मुठीत एका माणसाचं बोट होतं. बाकी माणूस फोटोच्या बाहेर. बोटाचं नख काळंनिळं. मोटारसायकलच्या साखळीत सापडलेलं ते नख भागिरथाने हळद लावून बांधलं होतं.

रूपाचा हात पुढे आला. भागिरथाने तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"आत्या, तुमी तं म्हनल्या होत्या, एकबी नाही."

"म्हनलं होतं."

"मंग?"

"लेकरू पह्यल्यांदा चाललं कसं, हे मायजवळ नको का? आन त्याच्यात तोंड कुठं हाय कोनाचं." तिने फोन रूपाच्या मुठीत बंद केला. "पल्लवी मोठी झाली, तिनं इचारलं, तं सांगजो हे बोट कोनाचं. तवरक नको सांगू."

रूपाने फोन पिशवीत तळाशी घातला. भागिरथा पाटी पेटीत ठेवायला उठली. पाटी उचलताना अंगठा कुठेतरी लागला. मघाशी दाबदाबून न मानणारा तो अंगठा, पाटीने आता नेमका मानला.

"माय! ओ माय! इकडं पाह्य ना वं! अशी काय तोंड फुगवून बसली, फोटो काढून राह्यलो तुहा!"

आवाज एवढा मोठा होता की अंगणातलं बोलणं थांबलं. एका फोटोच्या जागी व्हिडिओ होता. त्यात भागिरथा चुलीपुढे बसून हाताने जा जा करत होती, आणि न दिसणारा प्रसेनजित हसत होता. "हासली, हासली! रूपा, पाह्य, माय हासली!"

दोघींना तो बंद करता येईना. रूपाचं बोट भलतीकडेच पडत होतं, भागिरथाच्या तर लक्षातच आलं नाही की बंद करायचं असतं. तो आपोआप संपला. दारात देवमन उभा होता. "कुठी हाय?" एवढंच म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळून मागे वळला.

त्याच्या मागून लिलाबाई आत आली. ती भागिरथाशेजारी खाली बसली.

"हा होता का?"

"हो."

"आवाज चांगला होता."

भागिरथाने मान हलवली.

"आमच्या घरचा फोटो म्या उतरवला," लिलाबाई हळू आवाजात म्हणाली, "पन टांगाचा खिया तसाच ठोकलेला हाय भितीले. काढाले गेली तं पोपडे निघतेत. नव्या सुनेले दिसन म्हनून त्याच्यावर कॅलेंडर लटकवलं. तुमाले सांगून ठेवतो, बाई. तुमी खरं बोलनाऱ्या, तुमच्यापासून काय लपवाचं." मग तिने रूपाच्या पिशवीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, एका आईची काळजी होती. "फोनात तं आता काही राह्यलं नाही ना? राह्यलं असन तं आताच सांगा. अनुप सोसून घेईन, पन मंग मलेबी त्याले सांगा लागन का खिया अजून तसाच हाय."

रूपाने खाली पाहिलं. भागिरथाने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, कोपऱ्यात बाहुलीला झोपवणाऱ्या पल्लवीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही राह्यलं."

लिलाबाईने तिच्या हातावर हात ठेवला. "तुमी म्हनल्या, मंग झालं."

जीप निघताना पल्लवी खिडकीतून बाहेर लोंबत होती. "आजी, तू काहून नाही येत?"

"मले वंदना हाय ना बाई, संध्याकायी."

रूपा पाया पडायला वाकली ती वरच उठेना. भागिरथाने तिला खांद्याला धरून उठवलं, पदर सारखा केला, आणि पाठीवर हात ठेवून जीपकडे लोटलं. देवमन जीपमागे रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेला आणि तिथेच उभा राहिला.

पौर्णिमा होती, म्हणून विहारात त्या संध्याकाळी माणसं जास्त होती. भागिरथा नेहमीच्या जागी पुढे बसली. मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, हात जोडले. तिने त्रिशरण सांगितलं, मागून सगळ्यांनी म्हटलं. पहिलं शील सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं.

चौथं, खोटं न बोलण्याचं, तिच्या तोंडून निघालं नाही.

लोक थांबले. बायांना वाटलं, दिवसभराच्या दगदगीने घसा बसला असेल. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. भागिरथाचे हात तसेच जोडलेले, ओठ मिटलेले, नजर मेणबत्तीवर. शेवटी मागे बसलेल्या बायांतल्या चंदाने ते शील उचललं आणि तिच्यामागे सगळ्या विहाराने म्हटलं. फक्त पुढे बसलेली म्हणाली नाही.

मग भागिरथाने श्वास घेतला, आणि पाचवं शील रोजच्यासारखं, स्वच्छ आवाजात सांगितलं.