शेवटून दुसरी ओळ

बाइंडर पुस्तकाचं नाव सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचा पानांच्या कडा. कुठलं पान मळलंय, कुठलं कोरं करकरीत राहिलंय, यावरून तो मालकाची कुंडली मांडायचा आणि ती सहसा चुकत नसे. माणूस काय मानतो ते त्याच्या तोंडून ऐकावं. खरंच काय मानतो ते त्याच्या अंगठ्याच्या डागावरून ओळखावं, असा त्याचा साधा हिशेब होता.

त्याच्याकडे दोन घरांची धर्मपुस्तकं यायची. एक त्याच्या स्वतःच्या लोकांचं प्रार्थनाघर, जिथे हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचली जाते. दुसरं चर्च, जिथे तोच जुना मजकूर भाषांतरात, डावीकडून उजवीकडे वाचतात. दोन्हीकडे संदेष्टे तेच. या संदेष्ट्यांची बाइंडरला मोठी गंमत वाटायची. भर चौकात उभं राहून राजाला खडे बोल सुनावणारी, विधवेला लुबाडून वर देवाला धूप कसला दाखवता म्हणून विचारणारी ही तिरसट मंडळी. जिवंत होती तोवर त्यांना कोणी दारात उभं केलं नाही. मेल्यावर मात्र जो तो म्हणू लागला, आमचेच ते. चर्चवाल्यांनी काही निवडक पानांवर अंगठे ठेवून ठेवून कागद झिरझिरीत केला होता: बाळ जन्माला येईल म्हणणारं पान, मुकाट्याने मार खाणाऱ्याचं पान. त्याच्या लोकांकडे हीच पानं बेताची मळलेली. सांत्वनाचं पान तेवढं दोन्हीकडे सारखंच काळं. रडण्याच्या बाबतीत दोन्ही घरांचं एकमत होतं.

सोमवारी सकाळी चर्चची देखरेख करणारा किल्लीवाला आला. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असायचा की तो चालला की चर्चला घंटेची गरज नसे. उराशी धरून आणलेलं जाडजूड पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं आणि त्याचे आपसूक दोन तुकडे झाले. व्यासपीठावरून वाचायचं पुस्तक होतं. कणा मोडला होता तो नेमका जुना भाग संपून नवा सुरू होतो तिथे, म्हणजे शेवटच्या संदेष्ट्याच्या शेवटच्या पानावर.

किल्लीवाल्याचं म्हणणं, तिथे मोडणारच. ते पान म्हणजे आमचा उंबरठा. म्हातारा म्हणतो वाट बघा, आणि पान उलटलं की ज्याची वाट बघायची तो हजर. बाइंडरने चष्मा पुसत त्याला समज दिली की आमच्या जुळणीत हा म्हातारा शेवटचा नाहीच. त्याच्यापुढे गाणी आहेत, शहाणपणाच्या गोष्टी आहेत. तुम्ही फर्मे, म्हणजे शिवायच्या पानांचे गठ्ठे, आमचेच घेतलेत, फक्त जुळणी बदललीत आणि मधल्या माणसाला नेऊन दारात उभं केलंत.

"म्हणजे चूक आमची?" किल्लीवाल्याने विचारलं.

"शिवण तुमची. बाकीचं मी कशाला बोलू?"

गुरुवारी दुपारपर्यंत पुस्तक हवं होतं. रविवारी नेमकं हेच पान वाचायचं होतं, आणि वाचणारी बाई गुरुवारी सरावाला येणार होती. बाईचं नाव किल्लीवाल्याने सांगितलं नाही आणि बाइंडरने विचारलं नाही. जाताना किल्लीवाला खिडकीशी बसलेल्या बाइंडरच्या थोरल्या बहिणीकडे बघून उगाच हसला.

ही बहीण बाइंडरपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच होती आणि दुकानात फर्म्यांच्या घड्या घालायची. हाडाच्या पट्टीने घडी दाबावी तशी ती माणसंही दाबायची, सुरकुती राहू न देता.

बाइंडरने पुस्तक उसवलं, जुना सरस खरवडला, फर्मे सुटे केले. मग दुकानाच्या रिवाजाप्रमाणे खोडरबर घेऊन पेन्सिलीच्या खुणा पुसायला बसला. लोक पुस्तकात काय वाटेल ते लिहितात. निरोप, वाणसामान, एकदा तर कोणी शेजारणीचं व्यंगचित्र काढलं होतं. हात आपोआप चालत होता. शेवटच्या संदेष्ट्याचं पान पुसून झालं, चुरा झटकायला त्याने ते खिडकीकडे तिरकं धरलं, आणि उजेडात समासात एक खाच दिसली.

पेन्सिल गेली होती, पण दाब राहिला होता. शेवटच्या ओळीपाशी गळासारखा एक बारीकसा आकडा, टोक वरच्या ओळीकडे वळलेलं. आणि आकडा उलटा.

त्याने खोडरबर बाजूला ठेवलं.

हा आकडा त्याच्या आजोबांचा. त्या संदेष्ट्याच्या शेवटच्या ओळीत बापांची मनं लेकरांकडे आणि लेकरांची बापांकडे वळण्याची गोष्ट आहे, पण तिचं शेपूट वाईट: तसं झालं नाही तर भूमीला शाप. प्रार्थनाघराची जुनी रीत अशी की ऐकणाऱ्याला शाप कानात घेऊन घरी पाठवायचं नाही. म्हणून शेवटची ओळ वाचून झाली की तिच्या आधीची, एक जण येणार आहे असं सांगणारी ओळ पुन्हा वाचायची, आणि मग थांबायचं. वाचणाऱ्याने विसरू नये म्हणून आजोबा समासात आकडा काढत. त्यांचं बघून वडील, वडिलांचं बघून बाइंडर. आणि बाइंडरने तो शिकवला आपल्या एकुलत्या एक लेकीला, ती नऊ वर्षांची असताना, याच दुकानात, कागदाच्या गठ्ठ्यावर बसवून. त्यांच्या प्रार्थनाघरात बायका पुढे उभ्या राहून वाचत नसत, तेव्हा ते शिकवणं म्हणजे नुसता लाड होता. ती आकडा उलटा काढायची. तो म्हणायचा, उलटा आहे. ती म्हणायची, तुमचा उलटा असेल.

चर्चमध्ये मागे जाऊन वाचायची रीत नाही. तिथे शेवटची ओळ वाचतात आणि पान उलटतात. त्या अख्ख्या चर्चमध्ये हा आकडा काढणारं एकच माणूस असू शकत होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिने चर्चमधल्या मुलाशी लग्न केलं आणि त्या घरची झाली. राहायला वीस मिनिटांच्या वाटेवर. कागदाच्या वखारीकडे जाताना तिची गल्ली लागते, म्हणून बाइंडर लांबून वळसा घालून जायचा. आणि तरी त्या वळशात एक कोपरा असा होता जिथून तिची गॅलरी दिसायची, आणि त्याच कोपऱ्यावर दर वेळी त्याच्या चपलेत खडा जायचा. कधी दोरीवर कपडे दिसत, कधी नसत. मोठे किती, लहान किती, ते तो पाठ करून घरी यायचा आणि बहिणीला सांगायचा नाही.

"काय सापडलं?" बहिणीने विचारलं.

त्याने पान तिच्यापुढे तिरकं धरलं. तिने बघितलं, आणि हातातली पट्टी खाली ठेवली.

"आणि तू पुसलास."

"मला काय माहीत?"

"तुला कधी काय माहीत असतं? ती निघाली त्या दिवशी शेवटचं काय बोललास, ते तरी आठवतं का?"

ते त्याला आठवत होतं. पुन्हा या पायऱ्या चढू नकोस. अकरा वर्षं ते वाक्य दुकानात त्याच्याबरोबर कामाला बसत होतं.

"आणि त्याच्या आधी काय बोललास?"

ते त्याला आठवेना. तो म्हणाला, आधी काही नव्हतंच.

"होतं. मी इथेच बसले होते. ती पिशवी उचलून उभी, हिवाळ्याचे दिवस, आणि तू खळीच्या भांड्यात बघत म्हणालास, स्वेटर घे, बाहेर गार आहे. मग ती थांबली. तुला वाटलं आता ती राहते की काय, आणि घाबरून तू ते दुसरं बोललास." तिने पट्टी उचलली आणि घडी दाबली. "आपल्या आजोबांनी तुझ्या समासात आकडा काढायला हवा होता."

 दोन दिवस बाइंडर शिवत होता. तो मोडका भाग त्याने नेहमीपेक्षा दुप्पट दोऱ्याने शिवला, पाठीला कापड लावलं, पुठ्ठा चढवला, दाबात ठेवला. बुधवारी संध्याकाळी पुस्तक तयार झालं तरी तो त्याच्याभोवती घुटमळत राहिला. खाचेत आकडा परत भरायचा होता आणि दुकानात साधी पेन्सिल सापडेना. म्हणजे होत्या, तीन होत्या. बहिणीने त्या कुठे ठेवल्या ते तिलाच ठाऊक. उरली ती आखणीची लाल-निळी. शेवटी त्याने लाल टोक खाचेवर ठेवलं आणि जसा होता तसा, उलटाच, आकडा गिरवला. हाताला तो उलटा जाईना. साठी ओलांडलेला माणूस जीभ बाहेर काढून एक आकडा गिरवत होता आणि बहीण पाठमोरी होऊन मुद्दाम खोकत होती.

गुरुवारी किल्लीवाला यायच्या आतच त्याने पुस्तक तपकिरी कागदात गुंडाळलं आणि चप्पल घातली. बहिणीने विचारलंसुद्धा नाही, कुठे.

ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर तळव्याला चिकटत होतं. तो वळसा न घालता सरळ तिच्या गल्लीतून गेला. गॅलरीत दोन लहान फ्रॉक वाळत होते, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा एक जास्त. आज चपलेत खडा गेला नाही, तरी तो थांबलाच.

चर्चच्या दारात किल्लीवाला उभा होता. त्याने पुस्तक घेतलं, कागद सोडला, आणि ते व्यासपीठावर नेऊन ठेवलं. बाइंडर शेवटच्या बाकामागे उभा राहिला. इतक्या वर्षांत या घरातली पुस्तकं त्याने आतून बाहेरून पाहिली होती. घर पहिल्यांदा पाहत होता.

ती बाजूच्या दारातून आली. कानाजवळचे केस पिकले होते. त्याच्या हिशेबात ते काळेच होते. तिने त्याला पाहिलं नाही. पुस्तक उघडलं, कण्यावरून बोट फिरवलं, शिवण दाबून पाहिली, जसं त्याने शिकवलं होतं तसं. मग पानावर तिचं बोट थांबलं.

ती बराच वेळ त्या लाल आकड्याकडे बघत होती. वर पाहिलं नाही. मग वाचू लागली. आवाज त्याच्या आईचा होता, पण थांबे त्याचे होते. ती शेवटच्या ओळीपर्यंत आली, शाप वाचला, एक श्वास घेतला, आणि मागे जाऊन आधीची ओळ पुन्हा वाचली. मग थांबली. पान उलटलं नाही. तिथल्या तिथे, ओळीवर बोट ठेवून, तिने मान वर केली आणि थेट शेवटच्या बाकाकडे बघितलं.

किल्लीवाला गळ्याचा घाम पुसत होता. त्याच्या किल्ल्यासुद्धा वाजेनात.

 वाटेत बाइंडरने बोलायचं बरंच जुळवलं होतं, त्याचे सगळे फर्मे आता सुटे झाले.

"स्वेटर घे," तो म्हणाला. "बाहेर गार आहे."

किल्लीवाल्याने चमकून दाराबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं. ती मात्र पुस्तकावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"घेते, बाबा," ती म्हणाली.