जाण्याची तारीख

मोठ्या शाळेच्या कॉरिडॉरमधली, खुंटीवरच्या नावाची वेल्क्रोची पट्टी उपटली की कर्र असा आवाज होतो. ठमीच्या आईने ती चिकटवली. पुन्हा उपटली.

भाड्याच्या घरात चौकटीवर रेघ मारायची नाही. म्हणून ठमीची उंची कागदाच्या लांब गुंडाळीवर. दर वाढदिवसाला एक रेघ, चार घरांतल्या मिळून नऊ. गुंडाळी बॅगेत सगळ्यात खाली.

नव्या घराच्या कोपऱ्यावरच्या शाळेत आज सकाळी एक रंगारी भिंतीवरच्या खुंट्यांखाली मुलांची नावं रंगवत होता. एक अक्षर झालं की मागे सरायचा, मान तिरकी करून बघायचा. घाई म्हणून नाही.

शेवटच्या वर्षात कुणाशी मैत्री करायची नाही. हा नियम ठमीचा.

"अगं, काय लहान मुलासारखं चाललंय?" वहिनींनी ठमीच्या आईचा हात खुंटीवरून खाली ओढला. "आख्खा कॉरिडॉर ऐकतोय कर्रकर्र."

वहिनी म्हणजे नवऱ्याच्या साहेबांची बायको. कंपनीत नवं कुटुंब आलं की त्याला या मोठ्या शाळेत आणून सोडायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ठमीच्या घरचे सातवे.

"नावं वेल्क्रोवर का आहेत?" ठमीच्या आईने विचारलं.

"सोयीचं पडतं," प्रवेशाचं बघणाऱ्या बाई हसून म्हणाल्या. "मुलं येतात, जातात. खुंटी खराब होत नाही."

ऑफिसात अर्ज पुढ्यात आला. ठमीचे बाबा पूल बांधायचे. पूल झाला की बिऱ्हाड हललं. असे अर्ज ठमीच्या आईने इतके भरले होते की हात आपोआप चालायचा. रक्तगट, लसी, आधीच्या शाळा. शेवटची चौकट: जाण्याची अपेक्षित तारीख. हाताने 'तीस जून' लिहूनही टाकलं. वर्ष राहिलं.

समोर बाई ठमीशी गोडीत बोलत होत्या.

"आधीच्या शाळेतली तुझी मैत्रीण कोण गं?"

"नव्हती. शेवटच्या वर्षात मी करत नाही."

"पण इथे तर तुझं पहिलंच वर्ष असेल!"

ठमीने बाईंकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "पहिलं की शेवटचं, ते आधी कुठे कळतं?"

वहिनी खळखळून हसल्या. "बघा! नऊ वर्षांची आहे, जीभ मात्र एकोणीसची."

ठमीच्या आईने पेनाला टोपण लावलं. टक्.

"ही तारीख नाही भरली तर?"

"भरावीच लागते हो. त्यावर आम्ही पुढच्या मुलाला जागा देतो."

म्हणजे ठमी अजून आली नव्हती, आणि तिच्या जागेवर कुणीतरी बसलंही होतं. आईने बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला. मागे काँक्रीटच्या गाडीची घरघर.

"तारीखच तर आहे, टाक काहीतरी," तो म्हणाला.

"काहीतरी नाही टाकणार. ती कोपऱ्यावरच्या शाळेत जाईल."

"तिथली भाषा तिला ओ की ठो कळत नाही! आणि उद्या बदली झाली की?"

"तू जा."

"म्हणजे?"

"म्हणजे तू जा. आम्ही इथे असू."

घरघर थांबली. बहुधा त्यानेच कुणाला तरी गाडी बंद करायला सांगितलं असावं. "घरी बोलू," तो हळू म्हणाला.

"बोलू. पण तिला मी आजच नेतेय."

आत येऊन तिने अर्जाची घडी घातली, पर्समध्ये टाकली. प्रवेशाच्या बाईंनी पुढचा अर्ज काढला. वहिनींचा चेहरा मात्र पडला होता.

"अगं, लोक इथे नंबर लागावा म्हणून खेटे घालतात, आणि तू? सहा महिने तोंड उघडायची नाही पोर!"

"मग सातव्या महिन्यात उघडेल, वहिनी."

"साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, सातवे पळाले."

कोपऱ्यावरच्या शाळेत अर्ज एका पानाचा होता. तो भरून होईपर्यंत ठमी रंगाऱ्यापाशी उभी राहिली. त्याने खुणेने नाव विचारलं. तिने बोटाने हवेत काढून दाखवलं, त्याला कळेना, तेव्हा त्याच्याच पाटीवर खडूने लिहिलं. त्याने ते न्याहाळलं, ब्रश बुडवला.

"आई, हे पुसलं जात नाही का?" ठमीने विचारलं. आवाजात आनंद नव्हता, तक्रारच होती.

"नाही. खरवडावं लागतं."

घरी आल्यावर आईने गुंडाळी काढलीच नाही. ठमीला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली.

"वाढदिवसाला अजून दोन महिने आहेत," ठमी म्हणाली. "आणि घरमालक ओरडेल."

"ओरडू दे. टाचा खाली."

तिने बॉलपेन दाबून रेघ ओढली, लाकडात खाच पडेपर्यंत.

आठ-नऊ वर्षांनी घरमालकाने ती चौकट रंगवायला काढली तेव्हा तिच्यावर दहा रेघा होत्या. शेवटच्या सहा मारताना बाबा दुसऱ्या गावच्या पुलावरून फोनवर होते.