ऐकेल त्याला सुतक

राजापूरची गंगा या खेपेला ऐन आषाढात आली. एरवी वर्षानुवर्षं कुंडं कोरडी, आणि भरली तरी कधी आटतील त्याचा नेम नाही. गिरणीच्या संपानंतर मुंबई सोडून आलेला सदू खोकून खोकून चिपाड झाला होता. डॉक्टरने हात टेकले होते. त्याने बायकोकडे एकच मागितलं, "हौसा, गंगेत एकदा बुडी मारू दे."

हौसाने विठूची जीप ठरवली आणि नवऱ्याला घोंगडीत गुंडाळून निघाली. "एवढ्या पावसात?" म्हणणाऱ्या शेजारणीला म्हणाली, "तुझ्या डोक्यावर पडतोय काय? मग गप ऱ्हा."

पालीला विठू चाकात हवा भरायला थांबला. तेवढ्यात मुंबईची एसटी आली आणि तिच्यातून भावकीतला बाबू उतरला. हौसाला बघून त्याचा चेहराच पडला.

"काकी, निरोप घेऊन गावात चाललो होतो. भिकाजीआबा गेले. काल."

भिकाजी सदूचा थोरला भाऊ. त्यानेच सदूला मुंबईत नेऊन वाढवलं, गिरणीत चिकटवलं. हौसाने जीपकडे पाहिलं. ताडपत्रीआड सदू डोळे मिटून पडला होता. कानावर घातलं की दहा दिवस सुतक, कुंडाला शिवायचं नाही. दहा दिवस गंगा थांबली नसती, आणि सदूही.

"आम्ही परत येईपर्यंत तोंड उघडलंस तर याद राख."

"पण काकी, सुतक..."

"ऐकेल त्याला सुतक. त्यांनी ऐकलेलं नाही."

"आणि तू?"

हौसा जीपकडे वळली; तिने तर ऐकलं होतं. इतका वेळ सदूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आता तिने शिवलं तर त्यालाही विटाळ. ती विठूशेजारी पुढे जाऊन बसली.

"पुढे का गो?" सदूने मागून विचारलं.

"मागे मळमळतं. पडून ऱ्हा गप."

लांज्याच्या पुढे रस्त्यात झाड आडवं. फांद्या तोडून होईपर्यंत सदू मागे कुडकुडत होता. घोंगडी सरकलेली तिला दिसत होती. ती विठूवर ओरडली, "अरे, बघतोस काय? पांघरूण घाल त्यांना!"

विठूने सदूला पाठुंगळी घेऊन कुंडापर्यंत नेलं. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सदू पोरासारखा हसला. "ये गो. जोडीने बुडी मारू."

"मला नको. थंडी बाधते."

"अगो, पुन्हा भेटायची नाही ही गंगा."

"नको म्हटलं ना! कानांत बोळे घातलेत काय?"

काठावरच्या बायका हसल्या. सदूचं हसू मावळलं. त्याने एकट्यानेच बुडी मारली. मग गोमुखाखाली बाटली भरली आणि तिच्यापुढे धरली.

"धर. दादासाठी. कुणाबरोबर तरी मुंबईला धाडू."

हौसा मागे सरली. "तुमच्या भावाचं पाणी तुम्हीच सांभाळा."

"आज एवढा राग कसला गो?"

परतीला पावसाने आणखीनच जोर धरला. मागे सदू बाटली छातीशी घेऊन झोपला होता. गावात बाबू निरोप घेऊन थांबला होता. पालीचे दिवे दिसले तशी हौसा विठूला म्हणाली, "सावकाश घे रे. घाई नाही कसली."