कोपऱ्यातली जिवंत पेटी

माझा नवरा बोरुत एकदा हट्टाला पेटला की देवाच्या बापाचं ऐकत नाही. त्या वर्षी मध काढून झाला आणि त्याने जेवताना जाहीर केलं, "यंदापासून माश्यांना औषध बंद."

माझे सासरे विन्को, सत्तरी उलटलेले, सगळा जन्म मधमाश्यांत गेलेला. त्यांचा चमचा हवेतच थांबला. "मरतील रे सगळ्या."

"दुबळ्या मरतील. मरू देत. बाबा, माश्यांच्या अंगावरच्या गोचिडी मारायला आपण वर्षानुवर्षं पेट्यांत औषधाच्या पट्ट्या टांगतोय. त्याने झालं काय? ज्या माश्यांना अंगावरची गोचीड काढता येत नाही त्याही जगल्या, त्यांच्या पोरीही तशाच निपजल्या. आणि औषधाला पुरून उरलेल्या गोचिडींची पिलावळ तेवढी वाढली. एखाद्या पेटीत तरी गोचीड चावून काढणाऱ्या माश्या असतील. त्यांच्याच राण्या वाढवू, सगळ्या पेट्या त्यांनीच भरू."

"आणि नसतील तर?" मी म्हटलं. "परदेशातून आणणारेस?" आमच्या स्लोव्हेनियात आपली करडी माशी सोडून दुसरी जात पाळायला बंदी आहे, हे का त्याला ठाऊक नव्हतं?

"असतील," तो म्हणाला. सासरे अर्ध्या जेवणातून उठले.

फेब्रुवारीत उन्हं पडली तेव्हा आम्ही माशीघरात, म्हणजे पेट्या रचलेल्या लाकडी खोलीत, शिरून मागच्या बाजूने एकेक पेटी उघडली. आत मूठमूठ मेलेल्या माश्या. मला रडू येत होतं आणि नवऱ्याचा संतापही. कोपऱ्यातली एकच पेटी गुणगुणत होती. बोरुतने तिला कान लावला, खुळ्यासारखा हसला आणि बापाला मिठी मारली. सासरे खांबासारखे उभे. मला वाटलं, इतकी मढी बघून सुन्न झाले असतील.

उन्हाळ्यात त्याने शेजाऱ्यांकडून थवे आणले, त्यांच्या राण्या काढून टाकल्या आणि या पेटीतल्या राणीच्या पोरी बसवल्या. सगळं माशीघर एका आईच्या लेकींचं झालं. सासरे मात्र चेरी काढताना शिडीवरून पडले, खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळले.

ऑक्टोबरात माशीघरासमोरच्या गवतात पंख चुरगळलेल्या माश्या सरपटताना दिसल्या. सासऱ्यांना सूप भरवताना मी ते सांगितलं. त्यांनी माझं मनगटच धरलं.

"गोचिडी झाल्यात. कपाटात माझ्या कोटाखाली औषधाच्या पट्ट्या आहेत, पोरी. जा, सगळ्या पेट्यांत टाक."

"तुमच्याकडे कशा?"

"गेल्या साली त्या कोपऱ्यातल्या पेटीत मीच टाकल्या होत्या. चोरून. एक तरी राहावी म्हणून. मग हा इतका खूश झाला, की सांगायची हिंमत झाली नाही."

ती पेटी दणकट नव्हतीच, नुसती औषधावर जगली होती. मी तडक जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो तसाच पट्ट्या घेऊन धावला, पण वेळ गेली होती. हिवाळा काढायच्या माश्या अळी असतानाच गोचिडींनी पोखरल्या होत्या. नाताळला एकाही पेटीत आवाज नव्हता.

बोरुत बापाच्या दारात उभा राहिला. "बाबा, ती पेटी मरणार होती तर मरू द्यायची होती. निदान खरं तरी कळलं असतं."

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कोणाला काय बोलणार? बापलेकांचं बोलणं बंद झालं.

जानेवारीत सासऱ्यांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बोरुतने स्वतः गोळी आणली, बापाची मान उचलून धरली.

"पेट्यांना औषध नाही दिलंस," सासरे म्हणाले. "मग मला कशाला?"

"गिळा, बाबा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. बोरुतने त्यांची मान उशीवर टेकवली. गोळी स्टुलावर ठेवून तो बाहेर निघून गेला.

मी ती गोळी चमच्याने चुरली, लापशीत घातली, वर मध ओतला. पहिला घास घेताच सासऱ्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"कडू लागतंय."

"चेस्टनटचा मध आहे. कडूच असतो."

मधाची चव त्यांना माझ्याहून जास्त कळते. तरीही दुसऱ्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.