फडक्यावरचं लाल

दुकानावरच्या त्या हॉलमध्ये जागा इतकी कमी, की कुत्री माणसांच्या मांडीवर आणि माणसं एकमेकांच्या. कुत्री खाजवत होती, मांजरं टोपल्यांतून गुरगुरत होती आणि समोर फडकेबाबा ओलं पांढरं फडकं पसरून बसले होते. पायाशी त्यांची स्वतःची गलेलठ्ठ मांजर.

"बाधा कातडीत लपते!" बाबा गरजले. "डॉक्टर वरून मलम लावतो. मी आत हात घालतो!"

हात काही आत गेला नाही, कंगवा गेला. माझ्या शेजारच्या काकूंचा म्हातारा कुत्रा, त्याला सगळे 'साहेब' म्हणतात. त्याच्या शेपटीजवळच्या सोललेल्या पाठीवरून बाबांनी कंगवा ओढून फडक्यावर झटकला. काळे कण पडले. बाबा पुटपुटले. कणांभोवती हळूहळू रक्त पसरलं.

हॉलभर 'अहाहा' झालं. काकूंनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग रांगच लागली. मलाही आग्रह झाला. मी म्हटलं, मला पथ्य आहे.

"घरात नवं कोण आलंय?" बाबांनी डोळे मिटून विचारलं.

"सून. हल्लीच आलीय," काकू म्हणाल्या.

"पांढऱ्या पायाची! ती आहे तोवर खाज जाणार नाही. आधी जनावर जाईल, मग मुलगा."

घरी येताच काकूंनी सुनेची बॅग माळ्यावरून खाली काढली. मुलगा मोबाइल चाळत बसला. सून एवढंच म्हणाली, "जाते. पण त्याआधी साहेबांना डॉक्टरांना दाखवते. काका, गाडी काढता?" तिने मला विचारलं.

कुत्र्यामांजरांची फक्त कातडी बघणारी ती डॉक्टरीण. तिनेही बारीक दातांचा कंगवा फिरवला आणि काळे कण ओल्या कापसावर ठेवले. कापूस लाल झाला.

सून एक पाऊल मागे सरकली. "म्हणजे खरंच माझ्यामुळे?"

"का? तुम्ही चावता याला?" डॉक्टरीण म्हणाली. "ही पिसवांची विष्ठा आहे. पिसू रक्त पिते, पचवते, टाकते. वाळलं की काळं, भिजलं की लाल. याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे, एखादी चावली तरी अंग ओरबाडतो. औषध देते. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, फटी झाडून काढा."

"आणि ते कुणी जिभेला लावलं तर?" मी विचारलं.

"शी! कोण लावेल?"

मी विषय बदलला. सुनेने तो कंगवा मागून घेतला.

बाबांच्या पुढच्या बैठकीला ती बॅग घेऊनच आली. "निरोप घ्यायला आलेय," म्हणत वाकली आणि बाबांच्या मांजरीच्या पाठीवरून कंगवा ओढून फडक्यावर झटकला. काळे कण. मग लाल.

"बाबा, तुमच्या घरात नवं कोण आलंय?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे रक्त वेगळं!" बाबा ओरडले.

"एकच आहे. पिसवांची विष्ठा." तिने फडक्याच्या कोपऱ्यात चिमूटभर रस्त्यावरची काळी धूळ टाकली. "आता हिला लाल करा. म्हणा मंत्र."

बाबा पुटपुटले. मोठ्याने पुटपुटले. धूळ काळीच राहिली.

"विष्ठा म्हणजे... ती विष्ठा?" काकूंनी विचारलं. उत्तर द्यावं लागलं नाही. हॉलला नळ एकच होता आणि काकूंचे गुडघे दुखतात, तरी पहिल्या त्याच पोचल्या. पुष्कळ खाकरून, थुंकून त्या परत आल्या आणि सुनेच्या हातातली बॅग घेतली. "चल घरी. अंथरुणं धुवायचीत."

मला त्या कणांची तेवढी किळस आली नाही. पिसू पोटासाठी चावते, आणि आपण बाबा आहोत असं सांगत नाही. किळस आली ती एका मुक्या जनावराच्या खाजेवरून घरातली मुलगी बाहेर काढणाऱ्या जिभेची, आणि ते ऐकून माना डोलावणाऱ्या आपल्या सगळ्यांची. जनावर खाजवत असेल तर डॉक्टरकडे न्या. चमत्कार दिसला तर आधी विचारा, हे काय आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत, कृपा करून, जीभ आत ठेवा.