म्हणे, मी एकसारखी तापत नाही

मी भट्टी बोलतेय. कोळशाची नव्हे, गॅसची. आमच्या अमेरिकेतल्या आर्कान्साच्या डोंगराळ भागात मागच्या शेडमध्ये सुऱ्या घडवत बसणारी माणसं पुष्कळ, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांकडे माझ्यासारखी एक असतेच. मी ट्वायलाची. होते, असं म्हणा. माझ्याबद्दल तिकडे काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. ते बाजूला ठेवा आणि माझं ऐका. मी जरा तोंडाने फटकळ आहे, पण पोटात आग घेऊन जगणारीने गोडगोड बोलावं असं तुम्हाला वाटत असेल, तर तो तुमचा दोष.

जन्माने मी सिलिंडर. ट्वायलाचे वडील ऑर्व्हल रविवारी अंगणात मांस भाजायचे, त्याचा गॅस माझ्या पोटात असायचा. पुढे माझी तोटी गंजली आणि त्यांनी मला शेडमागे फेकलं. नऊ वर्षं मी गवतात पडून होते. गांधीलमाश्यांनी माझ्या बुडाशी घर केलं, दुसरं कुणी फिरकलं नाही.

मग एका फेब्रुवारीत ट्वायला आली. वय बेचाळीस, शाळेची बस चालवणारी, खांद्याने रुंद आणि हसायला लागली की दोन शेडपलीकडे ऐकू जाणारी. तिने माझी तोटी काढली, मला पाण्याने काठोकाठ भरलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. जुन्या सिलिंडरला घाईने करवत लावली तर आत राहिलेला गॅस माणसाला घेऊन उडतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाई अशी होती. काम करायची ते नीट करायची.

तिने दोन्ही टोकं कापून मला आरपार केलं. आतून पांढऱ्या चिनीमातीच्या लोकरीचे दोन थर दिले, त्यावर भट्टीची माती लिंपली, पाठीवर बर्नर बसवला. पाय मात्र ऑर्व्हलनी जोडले. चार पाय, चारही सारख्या उंचीचे, आणि जोडताना तोंडाने टोमणे चालूच.

"काय गं ही? चहा ठेवायची शेगडी?"

"डॅडी, तुम्ही पाय जोडा. चहा मी देते."

"कोळशाला काय धाड भरलीय? पन्नास वर्षं मी कोळशावरच ठोकतोय ना?"

"तुमचा कोळसा पेटेपर्यंत माझी दुपारची बस सुटते. हिचा कान पिळला की पेटली."

खरंच होतं ते. सकाळची पोरं शाळेत सोडायची आणि तीन वाजता परत आणायची, मधले चार-पाच तास तेवढे तिचे. तेवढ्यासाठी तिने मला बनवलं.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. आधी जळता कागद आत सरकवायचा आणि मग गॅस सोडायचा, हा नियम. हिने आधी गॅस सोडला आणि मग काडी शोधत बसली. काडी ओढली तेव्हा मी असा भपकारा टाकला की तिची उजवी भुवई गेली. ऑर्व्हल हसून हसून जमिनीवर बसले. "बाई गं, लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा मेकअप केला नव्हतास!" तीही हसली. पुन्हा कधी ती चूक केली नाही. शेडचं दार उघडं टाकायचं, नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं, मगच मला पेटवायचं. पहिले दोन दिवस तिने मला मंद आचेवरच ठेवलं, लिंपलेली माती तडकू नये म्हणून. मी तेव्हाच तिची झाले.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे पातं घडवणाऱ्यांचा एक संघ आहे आणि त्याची एक परीक्षा आहे. स्वतःच्या एकट्याच्या हाताने घडवलेली सुरी घेऊन जायची आणि एका उस्तादाच्या अंगणात उभं राहायचं. लोंबता दोरखंड एका घावात तोडायचा. मग लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची. मग त्याच धारेने हातावरचे केस साफ निघाले पाहिजेत. शेवटी पातं लोखंडी जबड्यात आवळून काटकोनात वाकवायचं, आणि ते मोडता कामा नये. धार कडक आणि पाठ लवचिक, दोन्ही एकाच अंगात हवं. ज्याचं जमलं त्याच्या नावापुढे दोन अक्षरं लागतात, आणि त्या दोन अक्षरांसाठी माणसं आयुष्य घालवतात.

ऑर्व्हलनी घालवलं होतं. तरुणपणी तीनदा उभे राहिले, आणि तिन्ही वेळा शेवटच्या वाकवणीत पातं काट्कन मोडलं. चौथ्यांदा गेले नाहीत. गाव त्यांना आदराने उस्ताद म्हणायचं आणि ते नको म्हणायचे नाहीत.

आठ महिने ट्वायला माझ्यासमोर राबली. पहिली पाती वेडीवाकडी, दुसरी जळकी. सांडशीत धरलेलं पोलाद कुठल्या रंगाला बाहेर काढायचं हे ती माझ्या तोंडाकडे बघून शिकली. ऑर्व्हलही शिकवायचे, ते नाकारून चालणार नाही. "हात मनगटातून नको, खांद्यातून," म्हणायचे. "लोखंडाला मार, ऐरणीने काय घोडं मारलंय तुझं?" कधीकधी ती नसताना तिचं पातं उचलून उजेडाकडे धरायचे, बराच वेळ धरायचे, आणि होतं तसं ठेवून द्यायचे. मला वाटायचं, बापाला अभिमान वाटतोय.

ऑक्टोबरात तिने ट्रकच्या एकाच कमानपाट्यातून दोन जुळी पाती घडवली. माझ्यात लाल केली, कोमट तेलात बुडवून कडक केली, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये केकसारखी भाजून पाठ जरा नरमावली. पहिल्याची तिने घरीच परीक्षा घेतली. दोर तुटला, फळी तुटली, केस निघाले, वाकवलं तर काटकोनात वाकून उभं राहिलं. ट्वायला शेडमध्ये नाचली. बस चालवणारी बाई, हातात सांडशी, आणि नाच!

"शनिवारी दुसरं घेऊन जाते," ती म्हणाली. "डॅडी, तुम्ही चला सोबत. तुमच्याशिवाय नाही उभी राहणार मी."

"चलतो की," ऑर्व्हल म्हणाले.

गुरुवारची सकाळ होती. ट्वायला बसवर गेली होती. दुसरी सुरी, मूठ बसवलेली, धार लावलेली, टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ऑर्व्हल आत आले. त्यांनी फडकं सोडलं. हातावर धार फिरवली, केस उडाले. पातं एका डोळ्याने न्याहाळलं आणि स्वतःशीच बोलले, "जरा वाकडं वाटतंय. ऊब देऊन सरळ करून ठेवतो."

वाकडं नव्हतं हो. देवाशपथ नव्हतं.

त्यांनी ओल्या फडक्याने मूठ गुंडाळली आणि मला पेटवलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला शेगडी म्हणणाऱ्या माणसाने मला हात लावला म्हणून मी मूर्खासारखी सुखावले. छान निळसर ज्योत काढून दाखवली त्यांना.

त्यांनी पात्याची धार माझ्या तोंडाशी धरली. कडक पोलाद पुन्हा तापलं की त्यावर रंग धावतात, आणि प्रत्येक रंगाला त्याचा कडकपणा उतरत जातो. आधी गवती पिवळा आला. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. मग तपकिरी. मग जांभळा. बास करा, मी ओरडत होते, पण माझ्या ओरडण्याला माणसं नुसता जाळाचा आवाज म्हणतात. मग निळा आला. ज्या माणसाने पन्नास वर्षं पोलाद बघितलं त्याला निळ्या धारेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ते बघत राहिले. निळाही गेला, राखाडी आला, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

मी नाही म्हणू शकले नाही. जो कान पिळेल त्याच्यासाठी मी जळते. याची मला अजून लाज वाटते.

मग तेल आणि बारीक कागद घेऊन त्यांनी सगळे रंग पुसून काढले, चकाकी परत आणली, धार पुन्हा लावली. सुरी होती तशी फडक्यात ठेवली. "एकच वर्ष, पोरी," म्हणाले. "एक वर्ष थांब माझ्यासाठी." आणि शेडच्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिले.

शनिवारी दोघं परत आली. ट्वायलाने हातमोजे टेबलावर टाकले.

"दोर तर लोण्यासारखा गेला, डॅडी. मग फळीत धार दुमडली. पत्र्यासारखी दुमडली! केस कसले निघतात? बाई, नरम आहे गं, म्हणाले ते उस्ताद. किती हळू बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं."

"होतं असं."

"पण पहिलं पास झालं होतं ना? त्याच पाट्यातलं, त्याच दिवशीचं. मी वेगळं काय केलं?"

ऑर्व्हलनी माझ्याकडे बोट केलं. माझ्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नव्हती, म्हणून जमिनीकडे बघत बोट केलं.

"तू काही नाही केलंस. ही भट्टी. एका अंगाने भाजते, एका अंगाने कच्चं ठेवते. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो."

मला वाटलं, ती हसेल. म्हणेल, काहीतरीच काय! आठ महिने रोज हिच्या तोंडात तोंड घालून बसलेय मी, मला ठाऊक नाही ही कशी तापते? पण तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला कळलं की तिचा विश्वास बसला. बापाच्या शब्दापुढे स्वतःचे डोळे खोटे ठरवले तिने. ऑर्व्हलनी मला वापरलं ते मी एक वेळ गिळेन. पण ट्वायला, अगं, तू? तुझा तो विश्वास मला जास्त लागला.

पुढच्या आठवड्यात जुन्या सामानाबरोबर मला रस्त्याच्या कडेला मांडलं. एका बाजूला तुटका पाळणा, दुसऱ्या बाजूला पाती नसलेला पंखा. घेणाऱ्याला फसवायला नको म्हणून तिने खडूने लिहिलं, "एकसारखी तापत नाही." प्रामाणिक बाई! क्लीट नावाचा नालबंद गाडी थांबवून उतरला, मला उलटीपालटी केली आणि म्हणाला, "घोड्याच्या नालांना चालेल." ऑर्व्हलनी मला उचलून त्याच्या गाडीत ठेवलं, स्वतः, लगबगीने. त्या वयात एवढी घाई मी त्यांची कधी बघितली नव्हती.

त्याला दोन वर्षं झाली. क्लीटच्या गाडीच्या मागच्या फळीवर मी बसलेली असते. या शेतावरून त्या शेतावर जातो, नाल तापवतो, घोड्यांच्या लाथा चुकवतो. क्लीट बरा आहे. तंबाखू थुंकतो, पण माझ्यावर नाही.

या एप्रिलमध्ये आम्ही एका शेतावर काम करत होतो आणि ट्वायला तिथे अंडी न्यायला आली. मी लगेच ओळखलं. तिला जरा वेळ लागला.

"अय्या, ही ती तर नाही?"

"तीच की. तुमच्याकडचीच, बाई," क्लीट म्हणाला.

"अजून वेडीवाकडी तापते का हो?"

क्लीट खो खो हसला. "वेडीवाकडी? कुणी सांगितलं तुम्हाला? उभ्या आयुष्यात असली भट्टी बघितली नाही मी. हे बघा." त्याने हातभर लांबीची सळई माझ्यात आरपार सरकवली. मी जीव ओतून तापले. बाहेर काढली तेव्हा मधला वीतभर भाग एका रंगाचा होता, कुठे काळा डाग नाही, कुठे पांढरी झाक नाही.

ट्वायला ती सळई निवेपर्यंत बघत राहिली. आता कळेल, मी म्हटलं. भट्टी चांगली, पोलाद चांगलं, मग त्या सुरीला अजून कुणाचा हात लागला? आत्ता तिच्या तोंडून ते नाव येईल.

"म्हणजे हातच वाईट होता माझा," ती म्हणाली.

क्लीटला काही समजलं नाही. "कसला हात?"

"काही नाही हो. या शरदात परत परीक्षेला उभं राहावं असं मनात होतं. म्हटलं, भट्टीमुळे गेलं तेव्हा, नवी भट्टी करू. बरं झालं आधीच कळलं." तिने अंड्यांची टोपली उचलली. "डॅडींपाशी गेटाच्या कड्या ठोकते मी हल्ली. तेवढं जमतं."

दोन वर्षं मी एकच मागत होते, की माझ्यावरचा ठपका पुसला जावा. पुसला गेला, आणि तो जाऊन तिच्यावर बसला. आता वाटतं, मीच वाईट ठरले असते तर काय बिघडलं असतं? लोखंडाला कसली आलीय अब्रू! पण ती हातोडा खाली ठेवेल हे मला सहन होत नाही.

ऑर्व्हल, हे तुमच्यासाठी. तुम्ही त्र्याहत्तर वर्षांचे आहात, कोळशापाशी खुर्ची टाकून बसता, आणि ती रोज दुपारी तुमच्या शेजारी उभी राहून कड्या ठोकते असं ऐकते. तुम्हाला हवं होतं ते मिळालं. माझी माफी मागू नका, मला ती नकोच. एवढंच करा, उद्या दुपारी ती आली की हातोडा घ्यायच्या आधी तिला थांबवा आणि सांगा की पातं कडक होतं. एवढंच सांगा. पुढचं ती विचारेलच.