होडीची रिकामी टाकी

शिडाची होडी घेणाऱ्या माणसाला पेट्रोलची टाकी कशाला लागते, हे मंदाकिनीबाईंना कधीच पटलं नव्हतं. वारा पडला तर इंजिन हवं, म्हणे! निवृत्त झाल्यावर श्यामरावांनी ही जुनाट होडी कौतुकानं गळ्यात मारून घेतली, खडकवासल्याच्या पाण्यात चार चकरा मारल्या आणि दुरुस्तीसाठी वारज्याच्या घराखाली गॅरेजात आणून ठेवली. गंजक्या टाकीतल्या नासक्या पेट्रोलचा भपकारा थेट देवघरापर्यंत यायचा. जाणकार माणूस बोलावून ती टाकी काढून घ्या, असं मंदाकिनीबाई कानीकपाळी ओरडत होत्या. पण श्यामराव म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी स्वतःच पेट्रोल उपसलं आणि कॅन मागच्या अंगणात नेऊन ठेवले. टाकी सुकायला उघडी टाकली. वासावरून शेजारी कटकट करतील म्हणून शटर ओढून घेतलं आणि आतूनच हाक मारली.

"अगं, पूजेचं ताट आण! स्कूटरला ओवाळतेस, मग होडीनं काय घोडं मारलंय?"

मंदाकिनीबाई पेटतं निरांजन घेऊन जिना उतरल्या. वर्षानुवर्षं ओवाळणारा हात तो, विचार कशाला करेल? खालच्या दाराशी पोचण्याआधीच वास भसकन नाकात शिरला. त्या तशाच मागे फिरल्या, धावत वर गेल्या आणि निरांजन नळाखाली धरलं. मग विझलेलं निरांजन हातात घेऊनच खिडकीतून ओरडल्या, "शटर उघडा! आधी बाहेर या!"

श्यामराव आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"सणाच्या दिवशी दिवा विझवलास? कसला अपशकुन हा! टाकीत थेंब नाही, रिकामी आहे."

"पेट्रोल गेलं, वाफ कुठं गेली?" मंदाकिनीबाई कडाडल्या. "बंद खोलीत जमिनीलगत साचलीय ती. अहो, एवढीशी ज्योत पुरली असती! अपशकुन झाला तर होऊ दे. उद्या तुमच्या फोटोपुढे दिवा लावण्यापेक्षा हा विझलेला बरा."

श्यामरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बरं बाई," ते शेवटी म्हणाले, "उद्या टाकी भंगारवाल्याला देऊन टाकतो. एकदाची ब्याद जाईल."

मंदाकिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अशीच देणार? आत वाफ आहे अजून, आणि तो गॅसकटर लावेल हिला. त्याच्याही घरी बायको असेल की!"